कुलूप काढून टॅब द्या

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि तो बोलत नाही. त्याला ऐकू येतं, कळतंही बरंच, पण शब्द तोंडातून निघत नाहीत. स्वमग्न मुलांच्या घरी असतं तसंच ताईच्या घरीही सगळं अंदाजावर चाललेलं असायचं. हात धरून फ्रिजपाशी नेतोय, म्हणजे भूक लागली असेल. कानांवर हात ठेवतोय, म्हणजे मिक्सरचा त्रास होत असेल. रात्री दूध बघितलं की आदळआपट करतो, म्हणजे झोप अनावर झाली असेल. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ताईने त्याच्यापुढे एक टॅब ठेवला. पडद्यावर चित्रं होती आणि चित्रावर बोट ठेवलं की मराठीत आवाज यायचा. पहिले पंधरा दिवस तो नुसताच खेळल्यासारखी चित्रं दाबत राहिला. मग एका रात्री ताई पेला घेऊन आली, तेव्हा त्याने दुधाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि लगेच कडेच्या नकाराच्या बटणावर. टॅब बोलला, 'मला दूध नको.' ताई होती तिथेच मटकन खाली बसली. हळद घातलेलं ते दूध आम्ही सगळ्यांनी मिळून जवळजवळ सात वर्षं त्याला रोज पाजलं होतं.

तो टॅब त्याच्यासाठी आलेला नव्हता. ताईची मोठी मुलगी अकरावीला असताना प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी तिला तो एका योजनेतून मिळाला होता. आत अभ्यासाचे व्हिडिओ आणि सराव परीक्षा, बाकी सगळं बंद. नवीन काही घालायला गेलं की परवानगी नाही अशी सूचना यायची. भाचीने दोन वर्षं त्यावर मन लावून अभ्यास केला, तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि योजनेपुरतं त्या टॅबचं काम संपलं. अभ्यासाच्या खात्याची मुदत संपली, टॅब मात्र धडधाकट होता. कपाटात, लग्नपत्रिका आणि जुन्या चार्जरच्या डब्याशेजारी, तो आठ महिने पडून राहिला. स्पीच थेरपिस्ट बाईंनी चित्रांचं ॲप सुचवलं तेव्हा ताईला त्याची आठवण झाली. आम्ही आधी रीतसर विचारलं. टॅब परत करायची गरज नाही, पण लॉक काढून देण्याची तरतूद नाही, असं उत्तर मिळालं. शेवटी एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने टॅब उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काकू, फ्लॅश मारावा लागेल, म्हणजे आतलं सगळं सॉफ्टवेअर पुसून नवं घालायचं. तीनशे होतील." अर्ध्या तासात टॅब मोकळा झाला.

तो अर्धा तास माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्या देशात सार्वजनिक पैशातून लाखांनी टॅब वाटले जातात. एकट्या हरियाणा सरकारने २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या सुमारे पाच लाख मुलांना टॅब द्यायला घेतले. असे बहुतेक टॅब एकाच कामासाठी बांधून दिलेले असतात. मला म्हणायचंय ते एवढंच की टॅब द्यायचा तर कुलूप काढून द्या. सुरुवातीला काही कारणाने कुलूप लावावं लागलंच, तर ते काम संपलं की ते काढायची जबाबदारी देणाऱ्याची असली पाहिजे. असं ठामपणे म्हणते, कारण या यंत्राचे आजवरचे सगळ्यात मोलाचे उपयोग ते बनवणाऱ्यांच्या किंवा वाटणाऱ्यांच्या कागदावर नव्हते. ज्यांच्या हातात ते पडलं त्यांनी ते शोधून काढले.

भाच्याच्या टॅबवर आहे ते 'जेलो' हे ॲप आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालं. ते फुकट मिळतं आणि मराठीत बोलतं. चित्र निवडायचं आणि हवं, नको, अजून, कमी अशा भावाची बटणं दाबायची, की वाक्य तयार होतं. त्याआधी चेन्नईत 'आवाज' नावाचं अशाच कामाचं उपकरण बनलं होतं. सुरुवातीला ते स्वतंत्र यंत्र होतं, पुढे टॅब आल्यावर तेच ॲप होऊन टॅबवर गेलं. परदेशात अशी खास यंत्रं कित्येक हजार डॉलरना विकली जायची, आणि ती घेणं सामान्य घरांच्या आवाक्याबाहेरचं होतं. घरोघरी मिळणाऱ्या साध्या टॅबने ती भिंत पाडली. टॅब बनवणाऱ्यांच्या जाहिरातीत ही मुलं नव्हती. त्यांचे आईबाप आणि थेरपिस्ट यांनीच ओळखलं की बोट ठेवलं की उत्तर देणारा मोठा पडदा हा आपल्या मुलाचा आवाज होऊ शकतो.

आणि नुसतं ॲप घालून भागलं नाही, हेही सांगते. त्यातल्या खाण्याच्या चित्रांत आमच्याकडचं भडंग नव्हतं. भाच्याला भडंग जिवापाड प्रिय. ताईने वाटीतल्या भडंगाचा फोटो काढला, आपल्या आवाजात शब्द भरला आणि ते चित्र टॅबवरच्या त्याच्या चित्रांच्या पाटीवर आणून ठेवलं. आजीचा फोटो घातला, बिल्डिंगच्या जिन्याचा घातला, रिक्षावाल्या काकांचा घातला. कुलूपबंद टॅबवर यातलं काहीही करता आलं नसतं, कारण तिथे कॅमेराही बंद होता. आता कोणत्या योजनेचा आराखडा करणाऱ्याला मिरजेतल्या एका मुलासाठी भडंगाचं चित्र लागेल हे सुचणार? सुचावं अशी अपेक्षाही नाही. फक्त ताईला ते करता यावं, एवढी मोकळीक हवी.

स्टीव्ह जॉब्स यांनी जानेवारी २०१० मध्ये पहिला आयपॅड दाखवला तेव्हा ते मंचावर चक्क सोफाखुर्चीत बसले होते. मांडीवर टॅब घेऊन त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, फोटो पाहिले, ईमेल लिहिली. घरी निवांत बसून वाचा, बघा, असा तो सगळा थाट होता. तीन वर्षांत तेच यंत्र विमानाच्या कॉकपिटमध्ये पोचलं. वैमानिकांना प्रत्येक विमानतळाचे नकाशे आणि नियमपुस्तिका घेऊन फिरावं लागायचं. ती बॅग सुमारे १६ किलो भरायची आणि तिच्यातली पानं सतत काढून नवी घालावी लागायची. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये ती कागदी बॅग आपल्या ताफ्यातून काढून टाकली आणि तिच्या जागी टॅब दिला. यात धोकाही होता. एप्रिल २०१५ मध्ये एका संध्याकाळी टॅबवरचं नकाशाचं ॲप अचानक बंद पडलं आणि त्या कंपनीची कित्येक विमानं जागेवर खोळंबली. पण एकूण धडा वैमानिकांच्या पाठीला विचारला तर तो टॅबच्या बाजूनेच येईल.

डेव्हिड हॉकनी हे इंग्लंडमधले नामांकित चित्रकार. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी आयपॅड हातात घेतला आणि यॉर्कशरमधल्या वोल्डगेटच्या रस्त्यावर उमलणारा वसंत त्यावर चितारला. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती चित्रं भिंतभर मोठी करून लागली. पुढे २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत राणी एलिझाबेथ यांच्या सन्मानार्थ बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीचा आराखडाही त्यांनी आयपॅडवरच केला. शेकडो वर्षांच्या दगडी चर्चमधल्या काचेला टॅबवरचं चित्र! हा उपयोगही यंत्र विकणाऱ्यांनी सुचवलेला नव्हता. एका म्हाताऱ्या चित्रकाराला पहाटे अंथरुणातून, दिवा न लावता, रंग न कालवता चित्र काढायचं होतं आणि हाताशी असलेला पडदा मोकळा होता.

आमच्या मिरजेतला अनुभव मला याहून जवळचा वाटतो. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दीडशेहून अधिक वर्षं इथल्या सतारमेकर घराण्यांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांचे तंबोरे घडवले, आणि ते देशभरच्या गायकांच्या मागे वाजले. आता त्याच मिरजेत, दर्ग्याच्या संगीत सभेत, मी गायकाच्या उजव्या हाताला टॅब ठेवलेला पाहते. पडद्यावर चार तारांचं चित्र, सूर पेटीच्या कोणत्या पट्टीचा, पांढरी दोन की काळी चार, ते बोटाने ठरवायचं, आणि तंबोरा अखंड चालू. मागे शिष्य बसलेले असतात, खरे तंबोरेही असतात, पण आधाराचा सूर टॅबचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आजही मंचावर मला खरा तंबोराच हवासा वाटतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून नाद उमलेपर्यंत तारा जुळवणं ही कान तयार करण्याची शाळा आहे, आणि कधीच न उतरणाऱ्या टॅबमधल्या सुराने ती शाळा सुटते. सूर उतरतो म्हणूनच तो ओळखायला शिकतो आपण. पण रियाजाची गोष्ट वेगळी. एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलीने तंबोरा घ्यायचा कुठून आणि ठेवायचा कुठे? तिला पहाटे पाच वाजता खर्ज लावायला टॅबमधला सूर मिळतो. तो नसता तर ती सुराशिवाय गायली असती, किंवा गायलीच नसती.

आणि त्याच सतारमेकर गल्लीत मी टॅबचा उलटा उपयोग पाहिला. एक कारागीर मांडी घालून बसला होता. समोर पाटावर टॅब उभा करून ठेवलेला आणि त्यावर परदेशातलं गिऱ्हाईक. कारागीर तार छेडायचा, थांबायचा, पलीकडून सांगणं यायचं: जवारी, म्हणजे घोडीवरून उमटणारा तारेचा झणकार, अजून थोडी खुली करा. तो घोडी काढायचा, कानस फिरवायचा, पुन्हा बसवून पुन्हा छेडायचा. पाऊण तास हे चाललं होतं. फोनच्या छोट्या पडद्यावर पलीकडच्याला घोडीवरचा तारेचा स्पर्श दिसत नाही, टॅबवर दिसतो, म्हणून मुलाचा शाळेचा टॅब मागून आणला होता. ज्या यंत्रामुळे तंबोऱ्याचा खप कमी होईल अशी भीती होती, त्याच यंत्रावर तंबोरा विकला जात होता. संगीतातल्या या दोन्ही वापरांबद्दल माझं मत एकसारखं नाही, आणि ते तसं असायची गरजही नाही. दोन्ही वापर लोकांनी आपल्या गरजेतून काढले, एवढं मला पुरतं.

सरकारच्या दारातून आलेल्या टॅबची कथा मात्र वेगळी आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅबचं मोठ्या गाजावाजात अनावरण झालं. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब, विद्यार्थ्यांसाठी ३५ डॉलरचा संगणक, अशी त्याची ख्याती. हातात आल्यावर पडदा जोरात दाबावा लागायचा, यंत्र मंद चालायचं, बॅटरी लवकर संपायची. पुढे हा प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली सुधारलेला 'आकाश-२' नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. मला त्या सगळ्या प्रकरणातलं एकच फार आवडतं: आयआयटीत त्या टॅबकडे नुसतं धडे दाखवायची पाटी म्हणून पाहिलं गेलं नाही. मुलांनी त्यावर प्रोग्रॅम लिहावेत, अशी सोय तिथे झाली. ती वाट पुढच्या सरकारी योजनांनी धरली नाही. त्यांनी धरली ती धडे भरून पेटी बंद करायची वाट.

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगला होता, आणि मुलांच्या पाठीवरचं ओझं हा खरोखरच रोजचा छळ आहे. टॅबमध्ये आठवीचा अभ्यासक्रम भरून दिला होता. २०१८ मध्ये आठवीची पाठ्यपुस्तकं बदलली. भरून दिलेल्या मजकुराचं आयुष्य असं पाठ्यपुस्तकाइतकंच असतं. यंत्र त्यापुढेही कितीतरी वर्षं उपयोगी पडू शकतं, पण त्याच्याकडे धड्यांचा डबा म्हणूनच पाहिलं की धडे शिळे होताच तेही भंगारात जमा होतं.

कुलूप लावल्यावर काय होतं, याचा सगळ्यात मोठा प्रयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. तिथल्या शाळा विभागाने २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड द्यायचं ठरवलं. एकूण खर्चाचा आकडा एक अब्ज डॉलरच्या वर जाणारा. वाटप सुरू झाल्यावर काही दिवसांतच काही शाळांमधल्या तीनशेच्या आसपास मुलांनी बंधनं काढून टाकली. युक्ती अगदी साधी होती: बंधनं घालणारी नोंदच पुसून टाकायची. मुलं संगीत ऐकू लागली, मित्रांशी बोलू लागली. विभागाने हे हॅकिंग ठरवलं आणि आयपॅड घरी न्यायला मनाई केली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस सगळी योजनाच गुंडाळली गेली. एका सेटिंगचा शोध लावून तो शेकडो जणांना शिकवणाऱ्या मुलांना त्या प्रणालीने गुन्हेगार मानलं. शाळेत याहून चांगला संगणकाचा तास कोणी घेतला असता, मला माहीत नाही.

याच सुमाराची इथिओपियातली एक हकिकत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेचे संस्थापक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २०१२ मध्ये सांगितली होती. कधी पुस्तक न पाहिलेल्या मुलांच्या दोन गावांत त्यांच्या संस्थेने टॅबची बंद खोकी नेऊन ठेवली, कसलीही सूचना न देता. चार मिनिटांत एकाने खोकं उघडून बटण शोधलं, आणि पाच महिन्यांत मुलांनी बंद ठेवलेला कॅमेरा चालू केला, असं त्यांनी सांगितलं. प्रयोग करणाऱ्यानेच सांगितलेली ही गोष्ट आहे, तेव्हा ती थोडी जपून घ्यावी. शिक्षकाशिवाय टॅब वाचायला शिकवतो, हा त्यातला दावा मी मान्य करत नाही. कॅमेऱ्याचा तपशील मात्र मला पटतो. कारण आमच्याकडेही सगळ्यात आधी गरज पडली ती कॅमेऱ्याचीच.

आता विरोधातलं म्हणणं. मी ज्या आईबापांशी बोलते ते जवळजवळ सगळे कुलपाच्या बाजूने आहेत, आणि त्यांची भीती खोटी नाही. मोकळा टॅब म्हणजे गेम, रील, पैसे लावायचे खेळ आणि मुलांनी बघू नये ते सगळं. स्वीडनसारख्या देशाने २०२३ मध्ये शाळांमध्ये पुन्हा छापील पुस्तकांवर भर द्यायचं ठरवलं. युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या अहवालानेही शिक्षणातलं तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर येतंय, असा प्रश्न विचारला. लहान मुलाच्या हाती दिवसभर पडदा देऊ नये, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. माझ्या भाच्याच्या टॅबवरही व्हिडिओ नाहीत. ते ताईने काढून टाकले आहेत.

पण नीट पाहा, तिने ते काढले. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मुलाला ओळखणाऱ्या माणसाने ठरवलं. योजनेचं कुलूप मुलाला ओळखत नाही. ते अश्लील चित्रफितही अडवतं आणि भडंगाचा फोटोही अडवतं. शिवाय ते टिकत नाही. एसटी स्टँडजवळच्या दुकानात तीनशे रुपयांत ते निघतं, आणि ते काढून आणायची अक्कल गेम खेळणाऱ्या मुलाला आधी येते, मुलाला बोलतं करायला निघालेल्या आईला नंतर. म्हणजे ज्याला अडवायचं तो अडत नाही आणि जिला मदत करायची ती अडते.

कुलपाला पर्याय आहे, आणि तो आपल्याकडे करून पाहिलेला आहे. 'प्रथम' या संस्थेने महाराष्ट्रासह तीन राज्यांतल्या गावांमध्ये मुलांच्या गटाला मिळून एक टॅब दिला. तो शाळेच्या कपाटात ठेवला नाही, वस्तीच्या हवाली केला. पाच-सहा मुलं एका टॅबभोवती बसली की एकाला लपूनछपून काही बघता येत नाही. कोणीतरी शेजारून डोकावतंच. बोटांसाठी भांडणं होतात, पण त्या भांडणातच मुलं एकमेकांना समजावून सांगतात. चार डोकी आणि एक पडदा ही मला कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा भरवशाची राखण वाटते.

मी मिरज तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालचं वाचनालय, एक खोली, दोन लोखंडी कपाटं, एक बाक. महाराष्ट्रात अशी सरकारमान्य वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत आणि त्यातली बरीचशी 'क' आणि 'ड' वर्गातली, तुटपुंज्या अनुदानावर तगलेली. गावातलाच एक मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याने आम्हाला दोन टॅब दिले, सिमकार्ड घालून. आम्ही ते मोकळेच ठेवले. नियम एकच: बाकावर बसून वापरायचा, आणि बाहेर न्यायचा तर वहीत सही करून. पुस्तकासारखाच.

दीड वर्षात काय काय झालं ते सांगते. आम्हाला वाटलं होतं, शाळेची मुलं येतील. ती आली, पण आधी आले ते म्हातारे. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेले एक आजोबा रोज दुपारी येतात आणि वर्तमानपत्राचं पान दोन बोटांनी ताणून नखाएवढं अक्षर करून वाचतात. चष्मा बदलूनही त्यांना छापील पेपर वाचता येत नव्हता. एका बाईंनी जुन्या पेटीतला मोडी कागद आणला. कॉलेजात मोडी शिकलेल्या मुलाने त्याचा फोटो काढून तो मोठा केला आणि शेजारी बसून एकेक अक्षर लावलं. जमिनीच्या वादाचा तो कागद होता, त्यातून काही निष्पन्न झालं नाही, पण बाईंनी आपल्या पणजोबांचं नाव डोळ्यांनी पाहिलं.

आणि ई-पीक पाहणी. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच ॲपवर करायची आहे. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, घरबसल्या होत नाही. नोंद नसेल तर नुकसानभरपाईच्या वेळी सातबाऱ्यावर पीक दिसत नाही. साधा फोन वापरणाऱ्या साठीच्या शेतकऱ्यांची यात फार ओढाताण होते. आमच्याकडची अकरावीतली दोन मुलं वहीत सही करून टॅब बगलेत मारतात आणि बांधाबांधाने फिरतात. मालक म्हणतो, "हितं उसात आंतरपीक हाय, ते बी टाक." मुलं गट नंबर घालतात, मोठ्या पडद्यावर सगळं मालकाला वाचून दाखवतात, तो मान डोलावतो, मग फोटो. मागच्या खरिपात त्यांनी गल्लीतल्या जवळपास सगळ्यांची नोंद केली. कोणीही पैसे मागितले नाहीत. तो टॅब अभ्यासाच्या पेटीत बंद असता तर तो वाचनालयाच्या उंबऱ्याबाहेर पडलाच नसता.

मोकळीक दिली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करायचं आंदोलन केलं. ते फोन होते, टॅब नव्हते, पण दुखणं हेच. फोनची क्षमता कमी, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या पदरचा, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. मुलांची वजनं आणि उंच्या वर्षानुवर्षं मराठीत वहीवर नीट लिहिणाऱ्या बायकांना एका फटक्यात अडाणी ठरवणारं ते यंत्र होतं. त्यांनी ते परत केलं यात मला नवल वाटत नाही. यंत्र कोणाचं, ते बिघडलं तर कोण बघणार आणि ते कोणत्या भाषेत बोलणार, या तीन गोष्टी वाटपाच्या दिवशी मंडपात कोणी बोलत नाही. आमच्या वाचनालयातल्या एका टॅबची बॅटरी फुगली तेव्हा आम्हाला हे पुरतं कळलं. अनुदानात दुरुस्तीचा रकाना नाही. वर्गणी काढली.

म्हणून माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. टॅब वाटपाच्या प्रत्येक योजनेत कुलूप उघडायची तारीख आदेशातच लिहिलेली असावी आणि त्या तारखेनंतर ते आपोआप निघावं. अपंगत्वाचा दाखला किंवा थेरपिस्टची चिठ्ठी असेल तर त्याआधीही, त्याच दिवशी, तालुक्याच्या ठिकाणीच ते काढून मिळावं. त्यासाठी जिल्ह्याला आणि मुंबईला कागद पाठवायला लागू नयेत. खरेदीच्या रकमेतला काही हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि ती दुरुस्ती तालुक्यातल्या दुकानात करायची मुभा असावी. दूरच्या कंत्राटदाराकडे पाठवलेलं यंत्र सहसा परत येत नाही, आणि ज्या पोरांना फ्लॅश मारता येतो त्यांना काचही बदलता येते. काम संपलेले टॅब वाचनालयांना आणि विशेष मुलांच्या शाळांना द्यावेत. एका मुलाला एक टॅब या हिशेबापेक्षा एका वस्तीला चार टॅब हा हिशेब मला जास्त पटतो, आणि तो स्वस्तही पडतो. पैसे खाण्याला वाव कमी राहील म्हणून कदाचित तो कोणाला नको असेल. तरी मागायला हवा.

माझ्या भाच्याच्या टॅबच्या मागे अजून योजनेचं स्टिकर आहे. ताईने ते काढलेलं नाही, कारण टॅब सरकारनेच दिलाय आणि तिला त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. कोपऱ्यात काचेला तडा गेलाय, त्यावर चिकटपट्टी लावली आहे. पाटीवर आता साठेक चित्रं आहेत. परवा मी गेले तेव्हा त्याने माझा हात धरला नाही. लांबूनच टॅब उचलला, माझा फोटो दाबला, जिन्याचा दाबला. मला बाहेर घेऊन जा, असा त्याचा अर्थ होता. आम्ही जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो.

तो ज्या विशेष शाळेत जातो तिथे न बोलणारी अकरा मुलं आहेत. ताईने पालकांच्या बैठकीत सगळ्यांना विचारलं. त्यातल्या तीन घरांत थोरल्या भावाबहिणीला मिळालेले असेच टॅब कपाटात बंद पडून आहेत. या वेळी आम्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो नाही. लॉक काढून मिळावं असा अर्ज लिहिला, तिन्ही टॅबच्या मागचे क्रमांक आणि थेरपिस्ट बाईंच्या चिठ्ठ्या त्याला जोडल्या आणि सोमवारी कचेरीत दिला. पोच घेतली आहे.